"इथंच सोड, पुढं मी जाईन": ऐंशीच्या दशकातले हायस्कुली प्रेमपट आणि आपले अनुभव

रानजाई
घरात प्रॉमचं, म्हणजे हायस्कूलच्या शेवटच्या मोठ्या नाचाच्या रात्रीचं, वारं शिरलंय. लेक आणि तिच्या मैत्रिणी काल टेबलाशी बसून फोनवर ड्रेस बघत होत्या. तिघींचं एकमत, घ्यायचा तर जुन्या कपड्यांच्या दुकानातूनच, नवा कोण घेतं! मी पोळ्या लाटता लाटता ऐकत होते आणि एकदम 'प्रिटी इन पिंक' आठवला. १९८६चा. त्यात अँडीला (मॉली रिंगवाल्ड) भर वर्गात श्रीमंत मुली टोमणे मारतात ते नेमके याच गोष्टीवरून, जुने कपडे उसवून स्वतः शिवते म्हणून.

मी तेव्हा नववीत, न्यू जर्सीत. बाबा मुंबईचे इंजिनिअर, इथं येऊन ड्राफ्ट्समन. आई नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला. खाली लाँड्रोमॅट आणि वर आम्ही, त्यामुळं माझ्या स्वेटरला कायम साबणाच्या वाफेचा वास.

पिक्चरमध्ये श्रीमंत ब्लेन (अँड्र्यू मॅकार्थी) तिला बीएमडब्ल्यूतून फिरवतो आणि घरी सोडायची वेळ येते तेव्हा ती नको म्हणते. तो विचारत राहतो, का, का. शेवटी ती रडकुंडीला येऊन सांगते, मी कुठं राहते ते तुला दिसायला नको म्हणून! आम्ही भाड्याची टेप आणून बघत होतो. आईला त्या पोरांचं भरभर इंग्रजी निम्मं कळायचं नाही, पण हे कळलं. म्हणाली, "पोर खरं बोलली."

तोवर मला वाटायचं, ही लाज फक्त आपली, बाहेरून आलेल्यांची. अँडी तर गोरी, तांबड्या केसांची, तिथलीच. तिलाही घर लपवावंसं वाटतं म्हणजे हा मामला पैशाचा आहे हे मला त्या दिवशी कळलं. मलाही एक मुलगा शाळेतून सोडायचा. मी लायब्ररीपाशी उतरायचे. मी आत जाईपर्यंत तो गाडी हलवायचा नाही, म्हणून आत जाऊन पुस्तक घेऊन मगच मागच्या दारानं घरी. त्या वर्षी पुष्कळ वाचन झालं!

तर लिहा. हे पिक्चर कुठं पाहिले, कोणासोबत पाहिले, आणि तुमचा "इथंच सोड"चा कोपरा कुठला होता?

टेपरेकॉर्डर
डकी!!! अँडीचा तो जिवलग मित्र! बाकी नंतर, आधी डकी. त्या रेकॉर्डच्या दुकानात तो ओटिस रेडिंगच्या गाण्यावर जो नाचतो त्याला तोड नाही. अँडीनं ब्लेनकडे जायलाच नको होतं. आणि मुळात गेलीही नव्हती! आधी शूट केलेल्या शेवटात अँडी आणि डकीच एकत्र होते. चाचणी खेळाला आलेल्या प्रेक्षकांना ते पटलं नाही, म्हणून शेवट पुन्हा शूट केला. तोवर अँड्र्यू मॅकार्थीनं नाटकासाठी केस उतरवले होते, त्यामुळं प्रॉमच्या त्या शेवटच्या सीनमध्ये ब्लेनच्या डोक्यावर टोप आहे. एकदा कळलं की दुसरं काही दिसतच नाही.

साखरपाणी
+१ डकीला. टोपाचं माहीत नव्हतं, आता परत बघणं आलं.

पारिजात७१
कोपरा म्हणजे प्रार्थना समाजचा सिग्नल. त्याच्याकडे फियाट, माझं घर गिरगावातल्या चाळीत दुसरा मजला, दोन खोल्या, सहा माणसं. कॉलेज दक्षिण मुंबईतलं, तिथं इंग्रजी बोलणाऱ्यांचा एक जिना आणि आमचा दुसरा. खरंच जिने वेगळे होते, ठरवून कोणी केले नव्हते तरी.

मला घराची लाज नव्हती हो, मला गॅलरीची भीती होती. फियाट गल्लीत आली असती तर वरपासून खालपर्यंत सगळ्या गॅलऱ्या भरल्या असत्या आणि आईला पाण्याच्या नळाशी उत्तरं द्यावी लागली असती. त्याला वाटायचं मी गरिबी लपवते. मी आईला जपत होते. हा फरक मी त्याला सांगितला, त्याला कळला नाही. ज्याच्या बिल्डिंगला वॉचमन असतो त्याला गॅलरी काय ते माहीत नसतं.

पिक्चर आम्ही मैत्रिणीकडे पाहिला, तिच्या दादानं व्हीसीआर भाड्यानं आणला होता. एका रात्रीत जमतील तितके पिक्चर बघायचे, सकाळी मशीन परत. 'प्रिटी इन पिंक' तिसरा होता आणि निम्म्या जणी झोपल्या होत्या. मी नाही झोपले.

रानजाई
पारिजात, "मी आईला जपत होते"... किती खरं लिहिलंयस गं. मग पुढं काय झालं फियाटचं?

पारिजात७१
फियाट बोस्टनला गेली :) मी बँकेत लागले आणि ट्रेननं फिरले. छान चाललंय. कुकर झाला, येते नंतर.

आप्पा_मिशिगन
मुलींनो, तुम्ही प्रेमाचं बोलताय, मी त्या पिक्चरमधल्या बापाचं बोलतो. हॅरी डीन स्टँटन. सकाळी मुलगी त्याला उठवते, कामाचं विचारते आणि तो टाळत राहतो. बायको सोडून गेली, काम नाही, आणि कामाचं मुलीशी खोटं बोलतो. हे लेखकानं हवेतून आणलेलं नाही. १९८२च्या अखेरीस अमेरिकेत बेकारी १०.८ टक्के झाली होती. आमच्या मिशिगनमध्ये १६च्या वर. मी गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात होतो. दर शुक्रवारी कोणाच्या तरी हातात नोकरी गेल्याचं पाकीट पडायचं.

आमच्या पलीकडच्या घरातला माणूस नोकरी गेल्यावर कित्येक आठवडे रोज डबा घेऊन बाहेर पडत असे. बायकोला माहीत नव्हतं. तळ्याकाठी गाडी लावून बसायचा. मला कळलं कारण मीच एकदा दुपारी तिकडून गेलो. त्यानं काच खाली केली, म्हणाला, जेवलास का? आणि अर्धं सँडविच पुढं केलं. आम्ही गाडीत बसून खाल्लं, कोणी विषय काढला नाही. त्याची मुलगी अँडीच्याच वयाची होती. तो बाप पडद्यावर पाहिला तेव्हा मला पिक्चरमधलं पुढचं काही दिसेना.

पिक्चरमध्ये तो मुलीसाठी गुलाबी ड्रेस घेऊन येतो. पैसे कुठून आणले म्हणून तिथंच भांडण होतं. माझ्या मते सगळ्या पिक्चरचा जीव त्या भांडणात आहे, प्रॉमच्या नाचात नाही.

साखरपाणी
आप्पा काका, वाचून गलबलून आलं. त्या शेजाऱ्यांचं पुढं बरं झालं का?

आप्पा_मिशिगन
झालं झालं. टेक्सासला गेले, तेव्हा पुष्कळ लोक तिकडं जात होते. नाताळला कार्ड येतं.

खिडकीतली
डबा! कोणीच 'द ब्रेकफास्ट क्लब'च्या डब्यांबद्दल कसं नाही बोललं? शनिवारची शिक्षा भोगायला पाच पोरं शाळेच्या लायब्ररीत बसलीयेत आणि जेवणाची सुट्टी होते. क्लेअर सुशी काढते, १९८५ साली! पैलवान पोरगा पिशवीतून सँडविचं काढतच राहतो. ब्रायनच्या आईनं ब्रेडच्या कडा कापून दिल्यात, सूप दिलंय. आणि बेंडर? त्याच्याकडे डबाच नाही. तो बाकीच्यांच्या डब्यांची टर उडवत फिरतो. माझ्या नवऱ्याला तो उद्धट वाटतो, मला फक्त भुकेला दिसतो.

आमच्या शाळेत (ओहायो, नाव नको) फुकट जेवणाऱ्यांचं तिकीट वेगळ्या रंगाचं असायचं. आईनं तो फॉर्म भरला नाही. पोळी-भाजी दिली. मी म्हणायचे तिकीट घेऊ या, गरम पिझ्झा मिळतो. आई म्हणे, पोळीला रंग नसतो. मला तेव्हा राग यायचा, कारण वासावरून मुलं नाकं मुरडायची. शेवटी एका मुलानं, आइस हॉकी खेळणाऱ्या, मोठ्या घरच्या, माझी मेथीची भाजी चाखली आणि रोज मागायला लागला. त्याच्या घरी स्वयंपाकीण होती पण डब्यात रोज हॅमचं सँडविच. आम्ही डबे बदलायचो. मी हॅम काढून टाकून नुसता ब्रेड-चीज खायचे. तेवढाच आमचा प्रणय, मेथीपुरता.

आप्पा_मिशिगन
तिकिटांवरून आठवलं. १९८१ साली रेगन सरकारनं शाळेच्या जेवणाचं अनुदान कापलं आणि केचप भाजीत धरायचं की काय यावर देशभर हलकल्लोळ झाला. शेवटी तो प्रस्ताव मागं घेतला. बेंडरच्या रिकाम्या हातामागं हेही आहे.

मुंज्या
इथं सगळ्या ताया दिसतायत, मी आलो तर चालेल ना? माझा पिक्चर 'कराटे किड', १९८४. सगळे त्यातली मारामारी आणि "वॅक्स ऑन, वॅक्स ऑफ" लक्षात ठेवतात. मला गाडी लक्षात आहे. डॅनियल न्यूअर्कहून आलेला, रसीडातल्या जुन्या अपार्टमेंटमध्ये राहणारा, अ‍ॅली एन्सिनोच्या टेकडीवरली. पहिल्या भेटीला बिचाऱ्याला आईच सोडायला येते, आणि त्यांची ती खटारा स्टेशन वॅगन अ‍ॅलीच्या दारात बंद पडते. तिचे आईवडील बघतायत आणि डॅनियल धक्का मारतोय. अ‍ॅली काय करते? तीही धक्का मारायला लागते. झालं, मी खलास.

कारण आमच्याकडे बाबांची बजाज होती. नाशिकला क्लासला बाबा सोडायचे. डावीकडे तिरकी केल्याशिवाय, मग चोक, मग किका, चालू व्हायचीच नाही. ती (नाव नाही सांगणार, धाग्यावर असू शकते) काँटेसातून यायची. ड्रायव्हर दार उघडायचा. एकदा पावसात बजाज रुसली, बाबा घामाघूम, मी मेल्याहून मेल्यासारखा. तर ही बया काँटेसातून उतरली, "काका, मी मागून ढकलते" म्हणाली आणि चिखलात उतरून ढकलली पण! ड्रायव्हर नुसता बघत राहिला. बाबा घरी येऊन आईला म्हणाले, त्या मुलीला चांगलं वळण आहे. बाबांचं सर्टिफिकेट मिळालं, इथंच माझी गोष्ट संपते, कारण बारावीनंतर ते लोक मुंबईला गेले.

टेपरेकॉर्डर
"चोक, मग किका" :D बजाज तिरकी करणाऱ्यांचा वेगळा धागा काढा रे कोणीतरी.

साखरपाणी
मुंज्या, ती धाग्यावर असेल तर तिनं हात वर करावा!

सायली_क
घाईत आहे, लोकल विक्रोळीला थांबलीये, जमेल तेवढं लिहिते. 'सम काइंड ऑफ वंडरफुल'. लेखक तोच जॉन ह्यूज, दिग्दर्शक तोच हॉवर्ड डॉइच, 'प्रिटी इन पिंक'नंतर वर्षभरात, १९८७. गोष्ट तीच, मुलगा-मुलगी उलट करून. कीथ मेकॅनिकचं काम करणारा, वॉट्स ड्रम वाजवणारी त्याची जिवलग, आणि अमँडा जोन्स सगळ्यांना हवी असलेली. इथं शेवटी जिवलगच मिळते. म्हणजे डकीचं राहिलेलं देणं इथं फेडलं.

पण मला बोलायचंय अमँडाबद्दल. ती श्रीमंत नाहीच! कीथच्याच वस्तीतली आहे. फक्त श्रीमंत पोरांच्यात वावरते. हे कोणी बोलतच नाही. मी कॉलेजात तीच होते. डोंबिवलीहून यायचे, ग्रुप सगळा पेडर रोड, कफ परेड. कपडे त्यांच्यासारखे, बोलणं त्यांच्यासारखं, आणि ९.१०ची लोकल गाठायची म्हणून "मला थोडं काम आहे" सांगून सगळ्यांच्या आधी उठायचं. श्रीमंतांच्यात बसलेल्या मुलीला रोजचा खर्च किती पडतो ते बाहेरच्यांना कळत नाही. कॉफीला नाही म्हणायचं तर पोट बिघडल्याचं सांगावं ल

सायली_क
रेंज गेली होती. तर, सांगावं लागतं. शेवटी अमँडा हिऱ्याचे कानातले कीथला परत करते आणि एकटी निघते. लोक म्हणतात वॉट्स जिंकली. मला तर अमँडाच जिंकलेली वाटते. पहिल्यांदाच ती कोणाच्या गाडीत नाही, स्वतःच्या पायावर चालतेय.

तिसरी_घंटा
कानातल्यांचे पैसे कुठले ते पण सांगा ना. त्या पोरानं कॉलेजसाठी साठवलेले! बापाला कळतं तेव्हाचं भांडण बघवत नाही. बाप म्हणतो तू अठरा वर्षांचा आहेस, तुला काय कळतं. पोरगा म्हणतो मग एकोणीस होईन, मग वीस होईन, माझं आयुष्य माझं कधी होणार? तो संवाद दहावीला मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता. आता माझा मुलगा अठराचा आहे आणि मी बापाच्या बाजूनं आहे. पूर्ण बाजूनं. कॉलेजचे पैसे कानातल्यांवर?

सायली_क
अहो पण तेच कानातले शेवटी वॉट्सच्या कानात जातात आणि तो म्हणतो, माझं भविष्य तुला शोभतंय. तिथं कोण बापाच्या बाजूनं उरेल!

तिसरी_घंटा
मी उरले. फी भरून बघा.

टेपरेकॉर्डर
माहितीत भर: कीथ, वॉट्स, अमँडा जोन्स ही सगळी रोलिंग स्टोन्सची नावं. कीथ रिचर्ड्स, चार्ली वॉट्स, आणि 'मिस अमँडा जोन्स' हे त्यांचं गाणं. आणि अमँडा झालेली ली थॉम्पसन आणि दिग्दर्शक डॉइच यांनी १९८९ला लग्न केलं.

मुंज्या
वॉट्स म्हणजे आपली 'जो जीता वही सिकंदर'मधली अंजली ना? गॅरेजमधली, ऑइलचे हात. आयेशा झुल्का. आणि संजू पूजा बेदीसाठी श्रीमंत असल्याचा आव आणतो. १९९२चा. मी अंजलीसाठी तीनही शो पाहिले असते, पॉकेटमनी एकाचाच होता.

साखरपाणी
अंजली!! तिला कोणी धड विचारतच नाही अर्ध्या पिक्चरभर, किती राग यायचा.

कुंपणावरचा
सगळं छान चाललंय, थोडं कडू लिहितो. 'सिक्स्टीन कँडल्स' (१९८४) आमच्या शाळेत सगळ्यांना पाठ होता. त्यातला तो परदेशी विद्यार्थी, लाँग डक डाँग, पडद्यावर आला की घंटा वाजते. दर वेळी. शिकागोच्या बाहेरच्या शाळेत मी एकटा देशी. तो चिनी दाखवलाय की कोण, पोरांना फरक नव्हता, मलाच डाँगर म्हणायचे आणि जेवणाच्या ट्रेवर चमचा आपटून घंटा वाजवायचे. ज्या मुलीला प्रॉमला विचारायचं मनात होतं ती हसली नाही कधी, पण थांबवलंही नाही कधी.

तेव्हा रानजाई, तुम्ही लिहिलंत ना की अँडीकडं बघून हा मामला पैशाचा आहे हे कळलं. मला उलटं कळलं. अँडीला एक ड्रेस शिवून त्या दारातून आत जाता येतं. माझ्यासाठी त्या गोष्टीत दारच नव्हतं, फक्त घंटा होती. मॉली रिंगवाल्डनं स्वतः २०१८ला 'न्यू यॉर्कर'मध्ये या पिक्चरांकडं मागं वळून बघत मोठा लेख लिहिला, काय खुपतं ते मोकळेपणानं सांगितलं. तो वाचून बरं वाटलं. तरी एक सांगतो, 'ब्रेकफास्ट क्लब' मला अजून आवडतो. दोन्ही खरं आहे.

रानजाई
कुंपणावरचा, तुमचं म्हणणं पोचलं. आमच्या गावात देशी घरं बरीच होती, त्यामुळं मला ती घंटा ऐकावी लागली नाही. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

खिडकीतली
चमचा ट्रेवर... डोळ्यांसमोर आलं. आमच्याकडे दुसरं काहीतरी होतं, पण आवाज तसाच. मिठी तुम्हाला. आणि तुम्ही शिकागोचे म्हणजे तुम्हाला माहीत असेल, 'ब्रेकफास्ट क्लब'ची शाळा डेस प्लेन्सला होती ना?

कुंपणावरचा
हो, मेन नॉर्थ हायस्कूल. शूटिंगच्या आधीच बंद पडलेली. ती लायब्ररी खरी लायब्ररी नाही, जिममध्ये उभारलेला सेट आहे. नंतर त्या इमारतीत राज्य पोलिसांची कचेरी आली. आणि जॉन ह्यूजच्या (हा पिक्चरही त्याचाच) पुष्कळ पिक्चरांतलं शर्मर गाव नकाशावर सापडणार नाही. ह्यूज वाढला त्या नॉर्थब्रुकचं जुनं नाव शर्मरव्हिल होतं, त्यावरून घेतलंय. आम्ही नॉर्थब्रुकच्या शेजारीच होतो, पण भाड्याच्या बाजूला.

करमाळेकर
रातपाळीवर आहे, वाचत बसलो सगळं. मी यातले पिक्चर खूप उशिरा पाहिले, पुण्यात होस्टेलला, स्टार मूव्हीजवर. मला आधी वाटलं यात अडचण काय आहे? मुलगा श्रीमंत, मुलगी गरीब, दोघं एकाच शाळेत, एकाच बाकावर. मित्र चिडवतात म्हणून तो प्रॉमला नेत नाही. म्हणजे वाईटात वाईट काय झालं, तर नाच हुकला.

आमच्याकडं 'सैराट' (२०१६) आला तेव्हा मी आईला घेऊन गेलो. आमच्याच भागात शूटिंग झालेलं. आर्ची पाटलाची, बुलेट चालवणारी, परशा मासेमारी करणाऱ्याचा पोरगा. शेवट सगळ्यांना माहीत आहे. आई परत येताना एसटीत फक्त एवढंच म्हणाली, तुझं ते अकरावीतलं बरं झालं लवकर मिटलं. मला वाटत होतं तिला माहीतच नव्हतं.

त्या रात्रीपासून मला अँडीचा राग येत नाही. नाच हुकल्याचं दुःख एवढं मोठं मानता येतं अशा गावात राहायला मिळणं ही पण चांगली गोष्ट आहे. आमच्या पोरींनापण तेवढंच दुःख मिळावं.

पारिजात७१
कुकर, जेवण, ओटा सगळं आवरून आले तर हे वाचलं. करमाळेकर, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

साखरपाणी
माझ्याकडून पण. आणि तुम्ही कुठं असता आता? रातपाळीला जेवण काय मिळतं?

करमाळेकर
चाकणला. कँटीनची डाळ बरी असते. घरून शेंगाची चटणी आणतो.

दूरची_मावशी
टाइमपास विसरलात का सगळे? दगडू-प्राजक्ता! २०१४. चाळीतला पेपर टाकणारा आणि लेल्यांची मुलगी. वैभव मांगले बाप. मी नि माझी बहीण थेटरात "नया है वह" करत बसलो होतो, पुढच्या आजोबांनी वळून बघितलं.

टेपरेकॉर्डर
मावशी :D :D

मुंज्या
'से एनिथिंग'वर कोणीच नाही? १९८९, कॅमेरन क्रो. जॉन क्यूसॅक पहाटे तिच्या खिडकीखाली डोक्यावर टेपरेकॉर्डर धरून उभा. (टेपरेकॉर्डर, तुमचं नाव तिथूनच का?) लॉइड बहिणीकडं राहणारा, पुढं काय करणार विचारलं तर किकबॉक्सिंग म्हणणारा, आणि डायन वर्गात पहिली, शिष्यवृत्तीवर इंग्लंडला चाललेली.

टेपरेकॉर्डर
तिथूनच! ओळखणारे तुम्ही पहिलेच.

तिसरी_घंटा
त्यातला बाप बघा. जेवणाच्या टेबलावर लॉइडला विचारतो, पुढं काय करणार. लॉइड म्हणतो मला काही विकायचं नाही, काही विकत घ्यायचं नाही, काही बनवायचं नाही. सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे. आणि मग कळतं की हाच प्रतिष्ठित बाप वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांचे पैसे खात होता. मुलीसाठी केलं म्हणतो, आणि ते खरंही आहे. बघा, इथं पण मी बापाचाच विचार करतेय. तरी त्याच्या बाजूनं नाही, आधीच सांगून ठेवते.

माझ्या लग्नाच्या वेळी बाबांनी यांना विचारलं होतं, पगार किती. हे तेव्हा नाटकात प्रकाशयोजना करायचे. म्हणाले, नक्की नाही. बाबा म्हणाले, निदान खोटं बोलला नाही. संपलं, पत्रिका छापायला गेल्या.

आप्पा_मिशिगन
तुमचे बाबा शहाणे होते.

सायली_क
पोचले ऑफिसात. डेस्कवर बसून वाचतेय, डोळे पुसतेय, शेजारची विचारतेय काय झालं. करमाळेकरांचं वाचून.
आणि कोणी 'कान्ट बाय मी लव्ह' पाहिलाय का? हिरवळ कापून दुर्बिणीसाठी साठवलेले १००० डॉलर मुलगा सगळ्यांत लोकप्रिय मुलीला देतो, महिनाभर माझी मैत्रीण हो म्हणून. पॅट्रिक डेम्प्सी. तिला पैसे का लागतात, तर आईचा पांढरा भारी ड्रेस न विचारता घालून पार्टीला गेली आणि त्यावर वाइन सांडली. मला ती धडधड ओळखीची आहे. आत्याची पैठणी. एवढंच लिहिते, आत्या वाचते इथं.

शिवणयंत्र
आत्ता वाचला धागा, सगळ्या प्रेमकथा राहू देत बाजूला, मला ड्रेसचं बोलायचंय. अँडी दोन सुंदर गुलाबी ड्रेस कापून शेवटी तो प्रॉमचा ड्रेस बनवते ना, एक बाबांनी आणलेला, एक रेकॉर्डच्या दुकानातल्या तिच्या मैत्रिणीचा, आयोनाचा. मी शिवणकामाचे क्लास घेते, माझ्या मुलींना मी तो सीन दाखवते. कात्री कुठं लागते, जाळी कशी उचलते, खांदे कसे मोकळे ठेवते. ड्रेस आवडो न आवडो (मला आवडत नाही, कमरेला आकारच नाही), पण ती मशीनवर बसते तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या मनासारखं करतेय हे दिसतं. रानजाई, तुमची लेक जुना घेणार म्हणजे फिटिंग करावं लागणारच. घरी मशीन आहे का?

रानजाई
आहे, आईची उषा, ती येताना भारतातून घेऊन आली होती, मोटर नंतर बसवली. लेकीच्या मनात आता वेगळंच आलंय, आजीच्या एका जुन्या जांभळ्या नारायणपेठेचा ड्रेस करायचा. आजीनं होकार दिलाय. मीच कात्री लावायला घाबरतेय. साडी काठाला थोडी विरलीये.

शिवणयंत्र
घाबरू नका. आधी फॉल उसवा आणि साडी उजेडाला धरून बघा, विरलेला भाग कुठवर गेलाय ते खडूनं आखून घ्या. पदर बाजूला काढून ठेवा, तो कापायचा नाही, वरच्या भागाला अखंड वापरा. काठ विरलाय तिथं आतून मलमलचं अस्तर देऊन मगच शिवण घाला, नुसत्या सुतावर ओढ आली की फाटेल. आधी जुन्या चादरीचा ड्रेस कच्चा शिवून अंगावर बघा. आणि सुई अकरा नंबरची, नवी. फोटो टाका इथं, मी सांगते कुठून कापायचं.

साखरपाणी
मलमल तिकडं मिळते का? नसेल तर पारिजातकडून पाठवून देऊ, तिचा भाऊ पुढच्या आठवड्यात नेवार्कला चाललाय.

पारिजात७१
हो, देते. किती मीटर लागेल ते सांगा, आणि पांढरी की रंगाला रंग?